‘जपून चाला’ एवढे पुरेसे नाही

चीनमधील शहरांतल्या बागांमध्ये सकाळी वयस्कर माणसे ओळीने उभी राहून अतिशय संथपणे हातपाय हलवताना दिसतात. पाहणाऱ्याला तो विरंगुळा वाटतो. प्रत्यक्षात ती युद्धकला आहे. ताई ची हे तिचे नाव. सतराव्या शतकात हेनान प्रांतातील चेन घराण्याच्या गावात ती आकाराला आली, असे मानले जाते. सर्वसामान्यांना शिकता यावी म्हणून १९५६ मध्ये चीनच्या क्रीडा खात्याने तिचा २४ हालचालींचा सोपा क्रम तयार केला. २०२० मध्ये युनेस्कोनेही तिला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. मात्र आपण तिच्याकडे पाहायचे ते वारसा म्हणून नव्हे, तर म्हातारपणी जाणाऱ्या तोलावरचा उपाय म्हणून.

घरातले वडीलधारे माणूस एकदा पडले की हाड जुळते, पण धास्ती जात नाही. जिना टाळला जातो, देवळात जाणे थांबते, मग खुर्चीच बरी वाटू लागते. हालचाल घटली की पायांतली ताकद घटते आणि पुन्हा पडण्याची शक्यता वाढते. हे चक्र तोडायला तोल सांभाळण्याचा सराव लागतो. ताई चीमध्ये गुडघे किंचित वाकवून शरीराचे वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर अगदी हळू नेतात. भरभर चालताना वेगामुळे तोलातली उणीव झाकली जाते; सावकाश पाऊल टाकताना घोटा, मांडी आणि कंबर यांना क्षणभरही सुटी मिळत नाही.

याची पडताळणीही झाली आहे. अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात सत्तरी गाठलेल्या आणि पडण्याचा धोका असलेल्या ६७० जणांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्यातून दोनदा, असे २४ आठवडे तोलासाठी बेतलेली ताई ची करणाऱ्यांत पडण्याचे प्रमाण केवळ स्ट्रेचिंग करणाऱ्यांपेक्षा ५८ टक्क्यांनी आणि मिश्र व्यायाम करणाऱ्यांपेक्षा ३१ टक्क्यांनी कमी आढळले. गुडघ्याच्या संधिवाताच्या २०४ रुग्णांच्या २०१६ मधील अभ्यासात वेदना कमी करण्यात ताई ची फिजिओथेरपीच्या बरोबरीने उतरली. नैराश्याच्या लक्षणांत तर ताई ची करणाऱ्यांना अधिक आराम पडला.

मनाला मिळणाऱ्या या स्वस्थतेत गूढ काही शोधायला नको. नावातल्या ‘ची’चा संबंध अनेक जण शरीरातल्या अदृश्य ऊर्जेशी जोडतात, चिनी लिपीत ते दोन वेगळेच शब्द आहेत. वजन कोणत्या पायावर आहे, खांदे ताठले आहेत का, श्वास अडला आहे का, याकडे लक्ष गुंतले की कालच्या भांडणाला आणि उद्याच्या काळजीला जागा कमी उरते. या कलेत जोडीने करायचा एक सराव आहे. दोघे समोरासमोर उभे राहून मनगटे टेकवतात आणि एकमेकांचा तोल घालवू पाहतात. त्यात जो अंग ताठ करतो, तो लवकर ढळतो. समोरून जोर आला की लगेच उलटा जोर लावायचा नाही, आधी आपले पाय स्थिर करायचे, हा धडा बागेबाहेरही उपयोगाचा आहे.

अर्थात ताई ची औषधाची जागा घेत नाही. तिच्या भरवशावर रक्तदाबाच्या किंवा मधुमेहाच्या गोळ्या बंद करायला सांगणाऱ्यापासून दूर राहावे. चक्कर येत असेल, हाडे ठिसूळ झाली असतील किंवा सांधा बदललेला असेल, तर डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी. पहिले धडे जाणत्या शिक्षकासमोर गिरवावेत, शेजारी खुर्ची असावी आणि गुडघा दुखेल इतके वाकू नये.

व्यायाम म्हणजे घाम, अशी आपली समजूत आहे. घाम गाळणे झेपेनासे झाले की आपण ज्येष्ठांना ‘जपून चाला’ एवढे सांगून मोकळे होतो. पण जपून चालणे हेही शिकावे लागते. त्यासाठी यंत्रे लागत नाहीत, मोठे मैदान लागत नाही. सपाट जमीन आणि शिकवणारा माणूस पुरतो. ज्येष्ठ नागरिक संघांनी आणि सोसायट्यांनी आठवड्यातून दोन सकाळी आपले सभागृह अशा वर्गासाठी उघडावे. पडल्यानंतर रुग्णालयात धावपळ करण्यापेक्षा हा खटाटोप नक्कीच हलका आहे.