डोहाकाठची पाटी

पावसाळ्यातल्या रविवारी सकाळी चिंचोटी नाक्यावर मुंबईकडून आलेल्या पोरांचे घोळके उतरतात आणि धबधब्याच्या वाटेला लागतात. मनाईचे आदेश निघतात, तरी येतात. त्या डोहात आजवर कितीतरी तरुण बुडाले आहेत.

गेल्या वर्षी त्या वाटेवरची एक पाटी मी थांबून वाचली. हिरव्या पत्र्यावर लाल अक्षरं, वाक्य तीन ओळींचं. सदर परिसर, प्रचलित कायदा, दंडात्मक कारवाई, नोंद घ्यावी. 'पाणी' हा शब्द कुठेच नव्हता. पुढे चाललेल्या पाच मुलांपैकी एकानेही मान वळवली नाही, आणि मला त्यांचा राग आला नाही. हिरव्या रानात हिरवा पत्रा दिसणार कसा? त्यात उजेड कमी झाला की डोळ्याला लाल रंग काळपट दिसू लागतो. पावसाळी झाडीत तर भर दुपारी अंधारून येतं. अक्षरं उठून दिसावीत म्हणून रंगाऱ्याने जाड ब्रश मारलेला. देवनागरीत तसं केलं की अक्षराच्या पोटातली जागा बुजते आणि लांबून 'ध' आणि 'घ', 'भ' आणि 'म' सारखेच दिसतात. सुलेखनकार र. कृ. जोशींनी संगणकासाठी 'मंगल' हा फॉन्ट घडवला; पडद्यावरच्या बारीक अक्षरातही ही पोकळी शाबूत ठेवावी लागते.

खाली हायवेवर मात्र पाटी झटकन कळावी याचं भान दिसतं. ताशी ८० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला २२ मीटर कापते. म्हणून तिथे गावाचं नाव, बाण, बस्स. त्रिकोण दिसला की धोका, लाल वर्तुळ दिसलं की मनाई. वाचावंही लागत नाही.

धबधब्यावर येणाऱ्या मुलाकडेही तेवढेच दोन-तीन सेकंद असतात. तो भिजलेला असतो, मित्रांच्या हाकांत असतो, आणि त्याला मराठी वाचता येत असेलच असं नाही. कायदा त्याला अडवत नाही. खोली कळली तर कदाचित थांबेल.

ज्यांच्याकडे हे काम आहे त्यांना कळकळीची विनंती. पिवळ्या पत्र्यावर काळ्या रंगात बुडत्या माणसाचं चित्र काढा. खाली मराठीत आणि हिंदीत एवढंच लिहा: डोह खोल आहे, उतरू नका. आणि ती पाटी वाटेवर नको, पाण्याच्या तोंडाशी लावा, पहिल्या पावसाच्या आत.