लोखंडी टेबल, लाकडी खुर्ची

हिंगणघाट, पुलगाव ही आपल्या जिल्ह्यातली गिरण्यांची गावे. लोखंडाशी आपली जुनी ओळख. चौकोनी पाइपाचे पाय वेल्डिंग करून घेतले की जेवणाचे टेबल मजबूत होते. पण खुर्च्याही लोखंडीच घेतल्या, तर घराचे कँटीन होते, अशी भगिनींची तक्रार आम्ही ऐकतो.

त्यावर डेन्मार्कच्या धर्तीची लाकडी खुर्ची हा चांगला उपाय. नाव ऐकून बिचकू नका. तिथल्या एफडीबी या ग्राहक सहकारी संस्थेने १९४२ साली बोर्गे मोगेनसेन यांना नेमले आणि सामान्य कुटुंबांना परवडेल असे फर्निचर काढले. त्यांची १९४७ची ‘जे-३९’ ही ‘लोकांची खुर्ची’ म्हणून ओळखली जाते. नक्षी नाही, पाय गोल, बैठक कागदी दोरीने विणलेली. आपली सुतळीची बाजच आठवा!

गावच्या सुताराला एवढेच सांगा : सागाचे साधे पाय, बैठक सुतळीने विणलेली. टेबल अडीच फूट उंच, बैठक दीड फूट. टेबलाची फळी खुर्चीच्याच लाकडाची घ्या, म्हणजे लोखंड आणि लाकूड एका घरचे दिसतात. लोखंडाला आधी रेड ऑक्साइड, मग काळा रंग; पायांना रबरी बूच. जागा कमी असेल तर एका बाजूला बाक ठेवा.

नक्षीदार सेटसाठी कर्ज काढू नका. आणि खुर्च्या मोजताना घरच्या बाईची खुर्ची आधी मोजा. ती सर्वांमागून चुलीपाशीच जेवणार असेल, तर टेबल कशाला?