ढोली रोपवाटिकेत मिळत नाही

१२ ऑक्टोबर २०२० रोजी कळवा-पडघे भागातल्या वीजवाहिन्या बंद पडल्या आणि मुंबई-ठाण्याची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. तेव्हा नव्या वाहिन्या नकोतच, हे म्हणणे मला मान्य नाही. खारघर-विक्रोळी ही ४०० केव्हीची वाहिनी २०२३ मध्ये सुरू झाली, ती गरजेचीच होती.

माझा आक्षेप आहे तो वाहिन्यांसाठी झाडे तोडताना दिल्या जाणाऱ्या ‘तोडली त्याच्या कितीतरी पट झाडे लावतो, मग तक्रार कसली?’ या उत्तरावर. हा हिशेब झाडांचा आहे, त्यांवर जगणाऱ्यांचा नाही. रानपिंगळा १८८४ नंतर ११३ वर्षे नामशेष समजला जात होता. १९९७ मध्ये तो शहाद्याजवळ सापडला आणि २०१४ मध्ये आपल्याच ठाणे जिल्ह्यात, तानसा अभयारण्यात. दिवसाउजेडी शिकार करणारे हे संकटग्रस्त घुबड जुन्या झाडाच्या ढोलीत अंडी घालते. झाडाला तशी ढोली धरायला कैक दशके जातात. आज लावलेल्या हजार रोपांत या घुबडाला एकही घर मिळत नाही.

खाडीत तर भरपाईच घातक ठरू शकते. ठाणे खाडीला २०१५ मध्ये अभयारण्याचा आणि २०२२ मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. ही खाडी रोहित पक्ष्यांमुळे गाजलेली आहे. हे पक्षी उघड्या चिखलात चरतात. तोडलेल्या कांदळवनाच्या बदल्यात त्याच चिखलावर तिवरे लावली, तर या पक्ष्यांचे चरण्याचे ठिकाणच जाते.

सगळ्या तारा जमिनीखाली न्या, हेही उत्तर सर्वत्र चालत नाही. माळढोकाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये तसा आदेश दिला आणि २०२४ मध्ये तो व्यवहार्य नसल्याचे पाहून सैल केला. पण सगळीकडे जमत नाही म्हणून कुठेच नको, असे होत नाही. कुडूस-आरे वाहिनीचा मोठा भाग जमिनीखालूनच आखला आहे.

म्हणून मार्ग कागदावर पक्का होण्याआधी पाहणी हवी. ढोलीची झाडे जागेवर जाऊन खुणावून ठेवा, टॉवर चिखलपट्टीबाहेर उभारा, पक्ष्यांना लांबून दिसतील अशा खुणा तारांना बांधा. कल्याण-डोंबिवलीच्या गच्च्यांवर दिवसा तयार होईल तेवढी सौर वीज लांबून आणावी लागणार नाही, तीही मोजा. आणि ही पाहणी नोव्हेंबर ते मे या काळातलीच असली पाहिजे. पावसाळ्यात बहुतेक रोहित खाडी सोडून गेलेले असतात. त्या दिवसांत फिरून ‘पक्षी आढळले नाहीत’ असे लिहिलेला अहवाल परवानगीसाठी ग्राह्य धरू नये.