मेगावॅट कशाला सांगता, युनिट सांगा



कोलशेतच्या नावात शेत आहे, पण ठाण्याच्या त्या गावात आता बघावे तिकडे टोलेजंग इमारती. तिथली लिफ्ट रात्रंदिवस चालते. चालो, आमची ना नाही. पण तिथे वीज महावितरणची आणि आमच्या विहिरीवरही महावितरणचीच. मग कपाशी बोंडावर असताना एक पाणी द्यायला आम्हीच रात्री विंचूकाट्यात का जायचे?

यावर सरकारने २०१७ साली सौर कृषी वाहिनी योजना काढली. उपकेंद्राजवळ छोटा सौर प्रकल्प आणि त्याची वीज शेतीच्या फीडरला. योजना चांगली आहे, तसे म्हणायला आम्हाला कोणाची भीड नाही. २०२४ मध्ये वैजापूर तालुक्यात धोंदलगावला ३ मेगावॅटचा प्रकल्प सुरू झाला. १,७५३ शेतकऱ्यांना दिवसा वीज, असे जाहीर झाले.

आता हिशेब मांडू. ५ हॉर्सपॉवरची मोटर पावणेचार किलोवॅट खाते. म्हणजे ३ मेगावॅटवर भर दुपारी एका वेळी फार तर ८०० मोटरी. आभाळ आले की त्याहून कमी. बाकीची वीज ग्रीडमधून आली तरच शब्द खरा. शिवाय फीडर बंद पडला की प्रकल्पही बंद, डोक्यावर ऊन कितीही तापो. मेगावॅट ही बैलाची ताकद झाली. नांगरट किती झाली ते युनिट सांगतात. १ मेगावॅटपासून आपल्याकडच्या उन्हात वर्षाला १५-१६ लाख युनिट निघायला हवेत. काचांवरची धूळ कोणी पुसलीच नाही तर तेवढे निघत नाहीत. तो आकडा दर महिन्याला उपकेंद्राच्या दारावर लागला पाहिजे.

जमिनीचेही तेच. मेगावॅटला चार-पाच एकर लागतात, भाडे एकरी ५० हजार, वर्षाला ३ टक्के वाढ. ज्वारीच्या माळाला वाईट नाही. पण ३ रुपयांनी १५ लाख युनिटांचे ४५ लाख होतात आणि जमीनवाल्याचे अडीच. भांडवल आणि कर्ज कंपनीचे, मान्य. तरी कापूस आम्ही एकरावर विकत नाही, क्विंटलवर विकतो. भाड्यावर युनिटमागे काही पैसे मागण्यात गैर काय? २०१९ च्या कुसुम योजनेत तर ५०० किलोवॅट ते २ मेगावॅटचा प्रकल्प शेतकऱ्यांच्या गटाला स्वतःच उभारता येतो. बँका त्याला कर्ज देतात का, हे जिल्ह्याच्या अग्रणी बँकेला विचारायचे आहे.

बैठकीला येताना आपल्या फीडरचे नाव आणि महिनाभरात दिवसा किती तास वीज आली, ते तारीखवार लिहून आणा.