गोळी फुकट, पोहोचवणार कोण?

अमेरिकेने यूएसएड ही आपली परकीय मदत संस्था मोडीत काढली. ब्रिटननेही परकीय मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या 0.5 टक्क्यांवरून 2027 पर्यंत 0.3 टक्क्यांवर आणण्याचे जाहीर केले. ही म्हणे बचत. मलावीच्या सरोवरात आज डुंबणाऱ्या मुलाला ऐन उमेदीत होऊ शकणारा मूत्राशयाचा कर्करोग या बचतीच्या हिशेबात कोणी धरला आहे काय?

तंबाखूच्या धुराने होणारा मूत्राशयाचा कर्करोग बहुधा साठी-सत्तरीत गाठतो. बिल्हार्झिया या कृमिरोगाने होणारा चाळिशी-पन्नाशीत, कधी त्याहूनही आधी. कारण त्याची सुरुवात बालपणी होते. गोड्या पाण्यातल्या गोगलगाईंतून बाहेर पडलेल्या अळ्या काही मिनिटांत माणसाच्या कातडीतून आत शिरतात. पुढे कृमींची जोडपी मूत्राशयाभोवतीच्या शिरांत वर्षानुवर्षे अंडी घालतात. लघवीवाटे बाहेर न पडलेली अंडी मूत्राशयाच्या भिंतीत रुतून बसतात आणि तिथला दाह थांबतच नाही. लघवीतून रक्त जाऊ लागते. काही भागांत तर ती मुलगा वयात आल्याची खूण मानली जाते.

यात नवे काहीच नाही. थिओडोर बिल्हार्झ यांनी 1851 मध्ये कैरोत हा कृमी शोधला आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1994 मध्ये त्याला निःसंशय कर्करोगकारक ठरवले. उपायही हाताशी आहे. प्राझिक्वांटेलच्या गोळ्या जर्मनीची मर्क कंपनी वर्षाला 25 कोटींपर्यंत फुकट देते. शाळेत खुणा केलेल्या काठीने मुलाची उंची मोजायची आणि तेवढ्या गोळ्या द्यायच्या. खर्च येतो तो गोळ्या गावापर्यंत नेण्याचा आणि देणाऱ्याला शिकवण्याचा. नेमका तोच पैसा कापला गेला.

शिवाय ही गोळी शरीरातले कृमी मारते, नवा संसर्ग अडवत नाही. मूल पुन्हा पाण्यात उतरणारच; घरातले पाणी तिथूनच येते. म्हणून औषध ठरावीक काळाने पुन्हा द्यावे लागते, आणि फेऱ्या चुकल्या की आधीची मेहनत वाया जाते. अगदी लहान मुलांसाठीच्या औषधाला युरोपीय औषध संस्थेने अनुकूल अभिप्राय दिला तो डिसेंबर 2023 मध्ये. ते औषध हाती येते न येते तोच तिजोरी बंद झाली!

आफ्रिकी देशांनी आपला भार आपण उचलावा, असे सांगितले जाते. जरूर उचलावा, पण वर्षानुवर्षांची व्यवस्था एका फटक्यात उखडून नव्हे. चिकाटीने काय साधते हे इजिप्तने दाखवले आहे. तिथे बिल्हार्झियाविरुद्धच्या जुन्या इंजेक्शनांच्या मोहिमेत त्याच त्या सुया वापरल्याने हेपटायटिस सी पसरला. इतकी जबर किंमत मोजूनही त्या देशाने लढाई सोडली नाही. गोळ्या आल्या, संसर्ग उतरला आणि बिल्हार्झियाशी जोडलेल्या मूत्राशयाच्या कर्करोगाचे प्रमाणही घसरले.

2014 मध्ये फ्रान्सच्या कोर्सिका बेटावरच्या नदीत पोहलेल्यांना हाच आजार झाल्याचे उघड झाले, तेव्हा युरोपची आरोग्ययंत्रणा लगोलग कामाला लागली. आफ्रिकेतल्या मुलाच्या रक्ताळलेल्या लघवीला मात्र ती निकड कधीच लाभली नाही. हा भेदभाव संतापजनक आहे.

आपणही हे परक्याचे दुखणे समजू नये. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात या कृमीसारख्याच कृमीचा संसर्ग असल्याचे गाडगीळ आणि शहा या संशोधकांनी 1952 मध्ये नोंदवले होते. 2023 च्या दिल्ली परिषदेत आफ्रिकी महासंघाला जी-20 मध्ये स्थान मिळवून दिल्याचा भारताला अभिमान आहे. मग ज्या देशांत गोळ्यांची वाटणी अडली आहे, तिथे ती सुरू ठेवण्याचा खर्च उचलण्याची तयारी दिल्लीने आताच जाहीर करावी.