सातबाऱ्यावरचे आजोबा

आर्वी तालुक्यातलं आमचं रोहणा असो की शेजारचं कोणतंही कापसाचं गाव, एक दृश्य हमखास दिसतं. वाहतो नातू, सातबाऱ्यावर आजोबा. आजोबांना जाऊन पंधरा-वीस वर्षं झालेली. पीककर्जाला गेलं की बँक आजोबांना घेऊन या म्हणते, आणि मग वारस-फेरफारासाठी तलाठ्याकडे खेटे सुरू. सरकारने १ एप्रिल २०२५ पासून राज्यभर 'जिवंत सातबारा' मोहीम काढली, ती याच मेलेल्या खातेदारांच्या जागी वारस चढवायला. नाव झकास आहे. पण मोहीम सातबाऱ्यावर नावं चढवते, वाटणी ठरवत नाही. सगळे वारस लागतात, सासरी गेलेल्या बहिणीसुद्धा, आणि तिथूनच हक्कसोडपत्रावर सही घेण्याची घाई आणि भाऊबंदकी सुरू होते.

मृत्युपत्राचं काढलं की उत्तर ठरलेलं : "धडधाकट हाव ना मी, आतापासून तेराव्याची तयारी कायले?" अहो, धडधाकट असतानाच करायची असते ती. साधा कागद चालतो, स्टँप लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही. मी तरी दुय्यम निबंधकाकडे नोंदवा म्हणेन, उद्या कोणी शंका घ्यायला नको. दोन साक्षीदार मात्र हवेतच, आणि ते आपल्यापेक्षा तरुण निवडा. बरोबरीचे गडी निवडले तर कोर्टात कोण येणार? बँकेत नॉमिनी लावला म्हणून निर्धास्त होणारेही पुष्कळ. नॉमिनी पैसे उचलतो. ते कोणाचे, हे वारसा कायदा किंवा मृत्युपत्र ठरवतं.

शेताचं लिहितो तो माणूस स्वतःच्या देहाचं लिहीत नाही. वास्तविक आपल्याच जिल्ह्यात पवनारला विनोबांनी नोव्हेंबर १९८२ मध्ये अन्न, पाणी, औषध थांबवलं आणि १५ तारखेला देह ठेवला. प्रायोपवेशन सगळ्यांचं काम नव्हे. पण बरं होण्याची आशा संपल्यावर व्हेंटिलेटर नको, एवढं आधी लिहून ठेवायला संतपण लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये असा कागद मान्य केला. तेव्हा न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागत होती. २४ जानेवारी २०२३ पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात. आपल्या वतीने बोलायला घरच्यांची नावंही त्यात घालता येतात. ती नसली की आयसीयूच्या दारात मुलगा "करा काही बी" म्हणतो. बाप गेल्यावर बिल फेडायला वावर गहाण पडतं, कारण 'पुरे' म्हणण्याचं पाप कोणालाच नको असतं.

मी गेल्या महिन्यात दोन्ही कागद लिहिले. देहाचा अर्ध्या तासात झाला. वावराचा आठ दिवस चालला. धुरा टाकून वावराचे दोन भाग झाले, पण विहीर एकच. शेवटी पाण्याची पाळी वारांसकट लिहिली : सोमवार ते बुधवार थोरला, गुरुवार ते शनिवार धाकटा. रविवारचं दोघं अजून भांडताहेत, माझ्यासमोर.