पाखरं मोजून काय मिळतं?

"सर, पाखरं मोजली की अनुदान मिळतंय का?" परभणी जिल्ह्यातल्या पेडगावात ज्वारीच्या बांधावर दुर्बीण घेऊन बसलं की हा प्रश्न ठरलेलाच. आणि तो रास्त आहे. ज्याच्या रानात भोरड्या उतरतात, त्याला पाखरांचा हिशेब माझ्यापेक्षा पक्का ठाऊक असतो. तो कणसांत मोजतो, एवढंच.

फेब्रुवारीच्या मध्यावर, शुक्रवार ते सोमवार, जगभरातले हौशी लोक आपापल्या घराभोवतीचे पक्षी मोजतात. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाची पक्षी प्रयोगशाळा आणि ऑडुबॉन सोसायटी यांनी 1998 मध्ये ही 'ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट' सुरू केली. 2013 पासून ती आपल्याकडेही होते. 'बर्ड काउंट इंडिया' तिचं काम बघतं. बसा नाहीतर चाला, पण किमान 15 मिनिटं पक्षी बघा, ओळखू येतील ते सगळे आकड्यासकट लिहा आणि यादी ई-बर्ड या संकेतस्थळावर टाका. फी नाही, परीक्षा नाही.

खरी परीक्षा भोरड्या घेतात. आधी कलकलाट ऐकू येतो, मग थवा दिसतो. काळं डोकं, काळे पंख, मधे गुलाबी अंग. कणसावर दोघी बसल्या की धाट वाकतं. तेवढ्यात कुठून तरी डबा वाजतो, गोफण सुटते आणि अख्खा थवा उठून लिंबावर जातो. मोजायचे कसे? दहा पक्षी नीट मोजायचे, तेवढा तुकडा नजरेत धरायचा आणि थव्यात असे किती तुकडे मावतात ते बघायचं. चारशे लिहायचे की पाचशे, यावर आमचा वाद रंगतो. थवा काही त्यासाठी थांबत नाही.

उन्हाळ्यात मध्य आशियात टोळ-नाकतोड्यांवर पिल्लं वाढवणारा हा पाहुणा इकडे येऊन आमचा हुरडा खातो. खरिपातली ज्वारी सोयाबीनने केव्हाच ढकलून दिली. रब्बीतही आता चार शेतांआड एखाद्याचीच ज्वारी दिसते, आणि मग सगळा थवा त्या एकट्यावर तुटून पडतो. कंटाळून तोही पुढच्या वर्षी हरभरा पेरतो. भोरड्यांचा आकडा लिहिताना शेजारी पीक कोणतं होतं हेही मी टिपून ठेवतो. तसा नियम नाही, पण त्याशिवाय आकडा अर्धवट वाटतो.

यादीच्या शेवटी एक प्रश्न असतो: ओळखू आलेले सगळे पक्षी लिहिलेत का? 'हो' म्हणता आलं तर यादीचं मोल वाढतं, कारण मग काय दिसलं नाही तेही कळतं. म्हणून कावळा, साळुंकी, होला यांना 'त्यात काय लिहायचं' म्हणून गाळणं हा शुद्ध गाढवपणा. अशाच लाखो याद्यांवर 2023 चा भारतीय पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल उभा राहिला. त्यात 942 जातींचा आढावा आहे. दसऱ्याला ज्याचं दर्शन शुभ मानतात, तो तारेवरचा चास कमी होत चाललाय, हे त्यातच दिसून आलं.

सालिम अलींनी 1931-32 मध्ये हैदराबाद संस्थानातल्या पक्ष्यांचं सर्वेक्षण केलं, तेव्हा परभणी निजामाच्याच राज्यात होती. आता त्या कामाला बाहेरून कुणी जाणकार यायची गरज नाही. तरी आपल्याकडची पक्षीवेडी मंडळी कॅमेरे घेऊन जायकवाडी गाठतात, रोहित बघून येतात. जरूर जावं. पण आपल्या बांधावर टिटव्या किती उरल्यात, हे जायकवाडीला कळणार नाही.

अनुदान मिळत नाही, हे त्या शेतकऱ्याला मी सांगून टाकलंय. तुम्हीही येत्या फेब्रुवारीत त्या चार दिवसांतली एक सकाळ काढा. शाळेतल्या पोरांना सोबत घ्या आणि राखणीला बसलेल्या माणसाला आधी विचारा; निम्मी यादी त्याच्याकडेच तयार असते.